दाराबाहेरचा एक जोड

"मॅडम, तेवढा स्टँड राहू दे की," मालन सिस्टर म्हणाल्या. "चपला मोजल्या की आत माणसं किती ते मला कळतंय."

"माणसं किती ते स्क्रीनवर दिसतं, सिस्टर."

"स्क्रीनवर टोकनं दिसतात."

सकाळचे सव्वानऊ झाले होते, साडेदहाला पुण्याहून कीर्तने येणार होते, आणि आमचे वॉचमन पिराजी चपलांचा लोखंडी स्टँड फरफटत मागच्या बोळात नेत होते. स्टँडच्या जागी मी एक उभा फलक ठेवायला सांगितला होता : 'कृपया पादत्राणे घालूनच आत यावे.' सिस्टरांनी तो एकदा वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या ड्रेसिंग रूममध्ये निघून गेल्या.

ही अकरा वर्षांपूर्वीची, इचलकरंजीतली गोष्ट. मे महिना होता. तिथे आमच्या कंपनीचं अर्जंट केअर सेंटर होतं आणि मी त्याची प्रमुख होते. अर्जंट केअर म्हणजे काय, हे तेव्हा रोज दहा जणांना समजावून सांगावं लागे. अपॉइंटमेंट नको, भरती नाही. बोट कापलं, दम लागला, ताप उतरेना तर सरळ आत या, डॉक्टर पंधरा मिनिटांत बघतील. टाके, सलाईन, ईसीजी तिथल्या तिथे. प्रकरण मोठं असेल तर आमचीच ॲम्ब्युलन्स कोल्हापूरला पोचवेल. गावाने आमचं लांबलचक इंग्रजी नाव ऐकून घेतलं आणि आम्हाला 'काचेचा दवाखाना' म्हणायला सुरुवात केली.

दर्शनी भाग खरंच पूर्ण काचेचा होता. आतली फरशी इतकी लख्ख की यंत्रमागावरून आलेला माणूस दारातच थबकायचा, खाली बघायचा आणि चपला काढायचा. कितीही सांगितलं तरी काढायचाच. पहिल्या महिन्यात दाराबाहेर पन्नास-साठ चपलांचा ढीग होऊ लागला तेव्हा सिस्टरांनीच कुठूनसा तो स्टँड मिळवला होता. दर अर्ध्या तासाने त्या बाहेर जाऊन चपलांवरून नजर फिरवत आणि आत येऊन डोकी मोजत. हिशोब जुळला नाही तर एखादी म्हातारी बाकावरच झोपून गेलेली सापडे, एखादा चक्कर आलेला गडी पाण्याच्या टाकीमागे. आम्ही डॉक्टर लोक त्यांची चेष्टा करायचो. "सिस्टर, आज तुमचा स्कोअर किती?" असं मीच विचारायची.

कीर्तन्यांनी मागच्या भेटीत त्या चपलांचे फोटो काढून नेले होते. "आपण देऊळ चालवत नाही, डॉक्टर," एवढंच त्यांनी मेलमध्ये लिहिलं होतं.

आता हे कीर्तने म्हणजे कुणी वाईट माणूस नव्हे. कंपनीच्या सगळ्या सेंटरांचं कामकाज ते बघत. वयाने माझ्यापेक्षा लहान, सडपातळ, स्वतःचा डबा स्वतः आणणारे. त्यांचे वडील एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत अडीच तास नंबरची वाट बघत बसले होते आणि नंबर लागण्याआधी गेले होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, फार भावुक न होता. पंधरा मिनिटांचा नियम त्यांचाच. 'दारापासून डॉक्टरपर्यंत' असं ते त्या वेळेला म्हणायचे. रुग्णाने टोकन घेतलं की स्क्रीनवर त्याचं नाव लाल दिसे आणि घड्याळ सुरू होई. डॉक्टरने टॅबवर 'तपासणी सुरू' दाबलं की नाव हिरवं होऊन प्रतीक्षा यादीतून निघून जाई. पंधरा मिनिटांनंतरचं प्रत्येक लाल मिनिट पुण्याला दिसायचं.

आणि मला त्या आठवड्यात एकही लाल मिनिट नको होतं. कंपनीची अकरा सेंटरं झाली होती आणि सगळ्यांवर मिळून एक वैद्यकीय प्रमुख नेमायचं ठरलं होतं. सोलापूरच्या सेंटरचे एक सर आणि मी, अशी दोनच नावं होती. कीर्तने दोन्हीकडे जाऊन बघणार आणि एक नाव वर पाठवणार होते. मला ते पद हवं होतं, हे आडपडदा न ठेवता सांगते. बारा वर्षं मी सरकारी कॅज्युअल्टीत काढली होती. आमच्या पिढीत कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला पुढे रस्ताच नसे. पेशंट सावरायचा आणि ज्याला रस्ता आहे त्याच्या हवाली करायचा. नात्यातली माणसं विचारत, "अगं, पण तू स्पेशालिस्ट कधी होणार?" पहिल्यांदाच कुणीतरी त्या कामाला वरची पायरी बांधत होतं आणि तिच्यावर मला पाय ठेवायचा होता.

कीर्तने बरोबर साडेदहाला आले. दाराबाहेर एकही चप्पल नव्हती. त्यांनी फलक वाचला, हसले, म्हणाले, "डॉक्टर, याला म्हणतात नेतृत्व." मलाही हसू आलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अकरा वाजता एका कारखान्यातून बोटं चिरडलेला कामगार आला. माझे सहकारी डॉ. मुजावर आणि मालन सिस्टर त्याला घेऊन ड्रेसिंग रूममध्ये गेले. त्यातून ते लवकर मोकळे होणार नव्हते. त्याच सुमाराला आणखी एकाने टोकन घेतलं. मी केबिनमध्ये होते. केबिनलाही समोरून काच, तिथून प्रतीक्षा कक्ष दिसे. टॅबवर नाव आलं : टोकन सतरा. बाबासो मगदूम, वय बावन्न, तक्रार पित्त.

पुढच्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. पायजमा, बंडी, केसांत कापसाचे तंतू. एका हाताने जबडा चोळत होता. दाढ दुखत असल्यासारखा.

कीर्तने माझ्यासमोर बसून त्या पदाबद्दलच बोलत होते. "वर्षभरात वीस सेंटरं करायचीत. नुसता चांगला डॉक्टर नको आहे मला. सिस्टीम चालवणारा हवा."

"हो सर."

"सोलापूरचा सरासरी आकडा सोळा मिनिटं आहे. तुमचा?"

"बारा."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी टॅबकडे बघितलं. टोकन सतरा, तेरा मिनिटं. मुजावर अजून आतच होते. बोलणं तोडून उठावं असा विचार माझ्या मनात आला. आला आणि गेला. चौदा झाली तेव्हा मी बोट टेकवलं आणि नाव हिरवं केलं.

आमच्यात याला 'हिरवं करून टाकणं' म्हणत. कुणी शिकवलेलं नव्हतं, पण सगळ्या सेंटरांत चालायचं. पेशंट समोर आहे, दोन-चार मिनिटांत घेतोच आहोत, मग लाल कशाला होऊ द्या. त्याला खोटं म्हणायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंसुद्धा नव्हतं. मी काचेतून त्या माणसाकडे बघितलं. त्यानेही नेमकं तेव्हाच वर बघितलं. आलेच, अशा अर्थाने मी मान हलवली.

तेवढ्यात कीर्तन्यांना फोन आला, ते बोलत दाराबाहेर गेले आणि मी त्यांना दाखवायचे तक्ते जुळवत बसले. "ॲम्ब्युलन्स दाखवता?" परत येऊन कीर्तने म्हणाले.

मी ॲम्ब्युलन्स दाखवली. मग औषधांची खोली, मग ऑक्सिजनचे सिलिंडर, मग महिन्याचे तक्ते. मध्ये तापाची दोन मुलं आली, ती तोवर मोकळ्या झालेल्या मुजावरांनी हातासरशी बघून टाकली. हिरव्या झालेल्या नावाचा माणूस खुर्चीवर दिसला, तर रिसेप्शनवरच्या मुलीला वाटे, हा औषधाची वाट बघतोय. आणि खुर्ची रिकामी दिसली, तर वाटे, गेला घरी. तिचं काही चुकलं नव्हतं. मी त्या माणसाला विसरले. यापेक्षा सभ्य शब्द मला अजून सापडलेला नाही.

बारा वाजायच्या थोडं आधी आम्ही परत प्रतीक्षा कक्षात आलो. खुर्च्या रिकाम्या होत्या. भिंतीवरच्या स्क्रीनवर लाल रंगात एकही नाव नव्हतं. 'प्रतीक्षेत : ०'. कीर्तन्यांनी मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला.

तेवढ्यात सिस्टर बाहेरून आल्या. स्टँड नव्हता तरी त्यांची फेरी सुटली नव्हती.

"मॅडम, भायेर एक जोड हाय."

"कुठे? पिराजी तर कुणाला काढू देत नाहीत."

"फलकाच्या मागं. लपवून ठेवल्यागत. अंगठ्याला तारेनं बांधलेल्या हायत. आत कोणतरी हाय, मॅडम."

कीर्तन्यांनी हसून स्क्रीनकडे बोट केलं. "सिस्टर, शून्य आहे बघा. कुणीतरी विसरून गेलं असेल."

"मे महिन्यात, सायेब? डांबरावर?"

मला त्याच क्षणी समजलं होतं. केसांतला कापूस, जबड्यावरचा हात, पित्त, सगळं एकदम समोर उभं राहिलं. बारा वर्षं कॅज्युअल्टीत काढलेल्या बाईला जबड्यात कळ आणि पित्ताची तक्रार म्हणजे हार्ट अटॅक असू शकतो, हे कुणी सांगावं लागत नाही. मी हातातलं सगळं टाकून धावायला हवं होतं. पण धावले असते तर कीर्तन्यांनी विचारलं असतं, कोण राहिलाय? आणि मला सांगावं लागलं असतं.

"असेल कुणाचा तरी," मी म्हणाले. "बघू नंतर."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. दोन-तीन सेकंदच असतील. मग त्या वळल्या आणि एकेक दार उघडत निघाल्या. एक्स-रेची खोली, स्टोअर, ड्रेसिंग रूम. मी कीर्तन्यांशेजारी उभी राहून दारांचे आवाज ऐकत होते. चौथ्या दाराचा आवाज आला नाही. कडी आतून होती.

"पिराजीऽ!" सिस्टर ओरडल्या. "खांदा लाव! मॅडम, या!"

मग मात्र मी धावले.

मगदूम संडासाच्या फरशीवर भिंतीला टेकून बसला होता. राखेसारखा चेहरा, बंडी घामाने भिजलेली, पाय अनवाणी. शुद्धीवर होता. आम्हाला बघून उठायचा प्रयत्न करू लागला, जणू जागा अडवल्याची माफी मागायची होती. पिराजी आणि मुजावरांनी त्याला उचलून आणलं. ईसीजीची पट्टी निम्मी बाहेर येईपर्यंत निदान स्पष्ट झालं होतं. पट्टी पूर्ण होईपर्यंत त्याचे डोळे फिरले आणि हृदय थांबलं.

यानंतरची सात मिनिटं आम्ही चांगलं काम केलं. तेही सांगायलाच हवं. सिस्टर स्टुलावर चढून छाती दाबत होत्या आणि मोठ्याने आकडे मोजत होत्या. मुजावर श्वास देत होते. मी दोनदा शॉक दिला. दुसऱ्याला ठोके परत आले. ॲम्ब्युलन्समध्ये मी स्वतः त्याच्यासोबत बसले आणि कोल्हापूरला त्याला ब्लॉक काढणाऱ्या डॉक्टरांच्या ताब्यात दिलं. ते म्हणाले, उशीर झालाय, हृदयाचा एक भाग गेलाय, पण माणूस वाचेल. त्याची बायको मागाहून रिक्षाने आली. तिने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले.

चार वाजता परत आले तेव्हा कीर्तने माझ्या केबिनमध्ये बसून होते. डबा तसाच. माणसाची छाती कशी दाबतात ते त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं.

"नशीब त्याचं," ते म्हणाले. "मी नोंद काढून बघितली. अकरा चौदा. तुम्ही त्याला चौदाव्या मिनिटाला बघितलं होतं, मी फोनवर होतो तेव्हाच. माझ्या वडिलांना असं कुणी बघितलं असतं तर..."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पण मग तो संडासात कसा?"

त्यांना संशय नव्हता, ते नुसतं विचारत होते. खरं सांगायला तितकी सोपी वेळ मला पुन्हा मिळाली नाही.

"ईसीजीला थांबायला सांगितलं होतं," मी म्हणाले. "मधेच उठून गेला असावा."

"तसंच लिहा रिपोर्टमध्ये. सिस्टरांची सही घ्या, आणि मेल करा." ते डबा घेऊन उठले. दारात थांबून म्हणाले, "माझ्याकडून तुमचं नाव नक्की आहे, डॉक्टर."

रिपोर्ट पानभरही झाला नाही. 'रुग्णास ११.१४ वाजता डॉक्टरांनी तपासले व ईसीजीचा सल्ला दिला.' खाली साक्षीदार परिचारिकेच्या सहीची ओळ. मी तो सिस्टरांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"तुम्ही तपासला न्हवता," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि मी जोड सांगिटला तवा तुम्हाला म्हाईत हुतं."

"हो."

चोपन्न वर्षांची ती बाई माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मी सही करतो," त्या म्हणाल्या. तिकडे बायकाही 'करतो, जातो' असंच म्हणतात. "पर एक सांगतो. स्टँड परत पाहिजे. हितं एकटा न्हाई, अकराच्या अकरा ठिकाणी. आणि ते हिरवं करायचं बटण टेबलावर नको. पेशंटच्या खाटंपाशी बसवा. अंगाला हात लावल्याबिगर दाबता येऊ नये."

"मला ते पद मिळालं तरच..."

"म्हणूनच सही करालोय. तुम्ही खरं लिहिलं तर तुम्ही जाणार, आणि दुसरं कोणतरी येऊन परत फलकच लावणार. तुम्ही लाजेनं तरी करशीला."

"लिहून देऊ का तुम्हाला?"

"नको." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "लिहिल्यालं काय असतंय ते आत्ताच वाचलं की."

त्यांनी सही केली. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटण्याचीच मला आजवर सर्वांत जास्त लाज वाटत आली आहे.

शब्द मी पाळला. आता आमची चाळीस सेंटरं आहेत. प्रत्येक दाराबाहेर चपलांचा स्टँड आहे आणि दर अर्ध्या तासाला सिस्टर बाहेर जाऊन जोड मोजते. बटण प्रत्येक खाटेच्या उशाशी आहे. परिषदांमध्ये लोक याबद्दल विचारतात तेव्हा मी सांगते, ही कल्पना इचलकरंजीच्या मालन खरात सिस्टरांची. लोकांना ते फार आवडतं, मोठ्या मनाची बाई म्हणतात मला. नव्या डॉक्टरांना मगदूमची केस शिकवली जाते. त्यात पहिली नोंद ११.१४ चीच आहे.

मला पुण्याला रुजू व्हायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी मगदूम आला. ऑगस्ट होता. बरोबर बायको, तिच्या हातात नारळ आणि केळ्यांचा घड. तो खूप वाळला होता, दोन पावलांवर दम लागत होता; मागावर आता उभं राहता येत नाही म्हणाला, घरीच सुताच्या कांड्या भरतो. सिस्टर केबिनच्या दारात उभ्या होत्या. मी त्याला खुर्ची दिली आणि मनातल्या मनात उत्तरं जुळवत बसले. तो म्हणणार, मला तर कुणी तपासलं नव्हतं.

"मला त्या दिवशीचं जास्त कायबी आठवत न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "बायको इचारती, डॉक्टरांनी काय काय केलं? म्या म्हंतो, तेवढं सोडून इचार."

"नका त्रास करून घेऊ. होतं असं."

"पर एक पक्कं आठवतंय." तो बायकोकडे वळला. "हितं, ह्या काचंतनं मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. माझी छाती फुटायला आल्ती तवा. त्या काउंटरवरच्या पोरीला हाक मारणार हुतो, उठलो पण हुतो. तेवढ्यात मॅडमनी मान हलवली. म्हटलं, डॉक्टरनं बघितलंय. आता आपुन कशाला गडबड करायची? म्हणून गप बसलो."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. "देवासारख्या बघितलासा मॅडम," ती म्हणाली.

मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांनी नजर खाली घातली होती. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यांनी सही केली नसती, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

मगदूम टेबलाचा आधार घेऊन उठला. त्याच्या तारेने बांधलेल्या चपला बाहेर स्टँडवर होत्या. सिस्टर पुढे होऊन त्या काढून द्यायला गेल्या. मी काहीतरी बोलावं म्हणून तो थोडा थांबला. मला बोलायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं, चार शब्दांचं.

"येऊ मग, मॅडम?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.